दाजींची पॉलिसी

माझ्या धाकट्या भावाला अख्खा बाजार 'मौनी' म्हणायचा. जुन्या सोफ्यांचं कापड बदलायचा तो. ओठांत बारीक खिळे धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा. मग बोलणार कुठून? गिऱ्हाइकाने काहीही विचारलं, की नुसतं "हं". पण खिळे संपले की अशी थट्टा करायचा, की हसून हसून पोट दुखायचं.

त्याची एक खोड होती. वस्तू बघून तो काही घ्यायचाच नाही, माणूस बघून घ्यायचा. शेजाऱ्याने छत्र्यांचं दुकान टाकलं, तर ह्याच्या घरात पाच छत्र्या. घरात माणसं तीन! तेव्हा आमचे हे आरोग्य विम्याचे एजंट झाले, तर पहिलं गिऱ्हाईक कोण असणार? हे बिचारे माहितीपत्रक उघडून तासभर समजावत बसले. त्याने ते मिटून बाजूला ठेवलं. "दाजी, सही कुठे करू, तेवढं सांगा. मला काय धाड भरलीय! मी कुठला आजारी पडतोय?"

सहा वर्षं त्याने एक हप्ता चुकवला नाही. सातव्या वर्षी ह्यांचं साहेबाशी वाजलं आणि कंपनीने ह्यांना काढून टाकलं. घराला सुतकी कळा आली. हे दिवसभर खिडकीशी बसायचे आणि मी भांड्यांवर राग काढायचे.

अशात एका रविवारी सकाळी मौनी छाती फुगवून आला. "ताई, विमा कंपनीचा फोन आला होता. हप्ता राहिलाय म्हणे. असं सुनावलंय त्या बाईला! म्हटलं, आमच्या दाजींना घालवलंत ना? मग तुमचा-आमचा संबंध संपला. नाही भरणार, जा!"

काय सांगू, मला इतकं गार वाटलं! महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी आमची बाजू घेतली होती. मी खळखळून हसले. ह्यांचा चेहरा मात्र उतरला. हप्ता भरायला अजून पंधरा दिवसांची सवड होती. त्यानंतर पॉलिसी कायमची बंद. "अरे, पण..." म्हणत त्यांनी तोंड उघडलं आणि मी डोळे वटारले. सगळी अक्कल माझ्याकडेच ना! ते पुन्हा खिडकीकडे वळले. तो गेल्यावर त्यांनी मला पंधरा दिवसांचं सांगितलं, तेव्हाही मी म्हणाले, "त्याचा एवढासा आनंदही बघवत नाही का तुम्हाला? सांगू सावकाश." सावकाश म्हणता म्हणता मुदत टळली.

वर्षभराने त्याला घास गिळताना त्रास व्हायला लागला. अन्ननलिकेत गाठ निघाली. महिन्याभरात ऑपरेशन व्हायला हवं, डॉक्टर म्हणाले. खासगी हॉस्पिटलात दोन दिवसांत होत होतं. तिथला खर्चाचा कागद भावजयीने वाचला, घडी केली आणि पिशवीत टाकला. मी माझ्या बांगड्या मोडायला निघाले, तर त्यात निम्मंही भागेना. सरकारी रुग्णालयात साडेचार महिन्यांनंतरचा नंबर लागला.

नंबर आला, तोवर गाठ पसरली होती. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली आणि आमच्याकडे न बघताच खाली ठेवली. महिना संपायच्या आत माझा भाऊ गेला.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी भावजय आणि मी त्याचं दुकान आवरायला गेलो. कापड उसवलेला एक सोफा तसाच पडला होता. तो बघून मला राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. पंधरा दिवस हातात होते, मी ह्यांना बोलू दिलं नाही. म्हटलं, "शिव्या दे मला, चार थोबाडीत मार, पण अशी गप्प नको राहूस गं."

ती रेक्झिनची गुंडाळी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "ताई, मी त्याच दिवशी म्हटलं होतं त्यांना, उगाच रागावू नका, हप्ता भरून टाका. तर म्हणाले, राहू दे गं. आज किती दिवसांनी ताई हसली."