हळदीची पहिली मूठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरातसुद्धा नाही.

नव्वदच्या दशकात कऱ्हाडला मी मोटरचा वेग कमी-जास्त करणारे कन्व्हर्टर बनवत होतो. सांगलीचे एक हळद व्यापारी, अण्णा, यांनी हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमसाठी एक घेतला. माझा दावा होता — ड्रम बंद न करता, अगदी संथ फिरवत, ड्रमच्या पत्र्यातल्या खिडकीतून हाताने हळदीचा नमुना काढता येईल.

दावा खोटा होता. मला कधी कळलं? चाचणीच्या आदल्या दिवशी. त्या संथ वेगावर कन्व्हर्टर मोटरला पुरेसा जोर देत नव्हता. भरलेला ड्रम अडायचा, बंद पडल्यासारखा दिसायचा. वीज चालूच असायची. आणि मग — कोणत्या क्षणी, ते सांगता येत नव्हतं — एकदम गिरकी घ्यायचा.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या गोदामात पूजा झाली, नारळ फुटला. नव्या यंत्रातली पहिली मूठ ते बनवणाऱ्याने काढायची, ही त्या गोदामाची रीत. मी नॉब फिरवला. ड्रम मंदावला, थांबल्यासारखा झाला. खिडकी समोर आली. ड्रम चालवणारे तातोबा, माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणाले, "घाला की साहेब हात! हळद लागली म्हंजी लगीन ठरतंय बगा."

सगळे हसले. माझा हात उठेना. मी खिडकीच्या पत्र्याच्या कडेकडे बघत होतो. तोंडाने म्हणालो, "तातोबा, इथले जाणते तुम्ही. मान तुमचा."

"आवं, आमास्नी कवा कुणी मान दिलाय?" त्यांचे डोळे भरले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

मेन स्विच माझ्या शेजारीच होता. ओढला असता तर — दावा तिथेच संपला असता. मी ओढला नाही.

मूठ बाहेर आली आणि ड्रम फिरला. खिडकीची कड तातोबांच्या बोटांना चाटून गेली.

"लय नाचतोय की रं!" कुणीतरी ओरडलं. मी म्हणालो — नवीन आहे, रुळेल.

तो हंगामभर तसाच चालला. फोन वाजला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायचो. पण सांगलीला गेलो का? नाही. पुढच्या हंगामाआधी, सुधारणा म्हणून, आतली रचना बदलून दिली.

तातोबांची बोटं शाबूत राहिली, ती माझ्यामुळे नव्हे. ते अजून चारचौघांत सांगतात, साहेबांनी मला मान दिला. मी शेजारी बसून ऐकतो.

त्यांचा हात आत होता तेव्हा माझे दोन्ही हात पाठीमागे होते.