वरवंटा ड्यूटीवर आहे!

एखाद्याकडे पाहुणा दोन दिवस राहिला तरी गल्लीत त्याच्या चार गोष्टी होतात. मग एखादी वस्तू अख्खा उन्हाळा आजारी राहिली तर किती होतील? मला काही कोणाच्या घरात डोकवायची सवय नाही. पण अमरावतीला आमच्या आणि देवीदासजींच्या घरामधली भिंत कमरेइतकीच आहे, त्याला मी काय करू? दिसतं ते दिसतं!

देवीदासजींनी जन्मभर विहिरीवरचे मोटारपंप दुरुस्त केले. आता घरात ते आणि त्यांची सून अश्विनी. मुलगा नीलेश नोकरीला अकोल्याला, शनिवारी येतो. अश्विनीला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. काम घरूनच, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. लॅपटॉप आपला पाहिजे, मुलाखतही त्याच्यावरच. आणि घरात होता नीलेशच्या कॉलेजातला म्हातारा लॅपटॉप. तो चार्जच होईना!

"तीन वर्षं झाली काकू, अर्ज करून राहिली," ती भिंतीपाशी येऊन म्हणाली, "पयल्यांदा कोणी बोलावलं. अन् हा असा!"

तिचे डोळे भरलेले पाहिले आणि मी ठरवलं, की आता या लॅपटॉपमध्ये आपण लक्ष घालायचं.

*

सुरुवातीला रोग साधा वाटला. पिन जरा वाकडी धरली की लॅपटॉपचा बारका दिवा लागायचा, सोडली की विझायचा. अश्विनी एका हाताने पिन धरायची, दुसऱ्या हाताने टाईप करायची. मला पाहवलं नाही. मी आमचा वरवंटा भिंतीवरून दिला. पिनेला टेकवून ठेवला, आणि काय सांगू, दिवा लागला!

संध्याकाळी आमचे हे जेवायला बसले.

"आज ठेचा नाई काय?"

"वरवंटा नाही."

"कुठी गेला?"

"ड्यूटीवर आहे!"

पुढचे आठ दिवस त्यांनी मिक्सरमधला ठेचा खाल्ला. आणि आठही दिवस ताटाकडे पाहून म्हणाले, "याले ठेचा म्हंते काय?"

*

नवव्या दिवशी वरवंट्यानेही दिवा लागेना. मग देवीदासजींनी चष्मा लावला, स्क्रू काढायचा पेचकस घेतला आणि लॅपटॉप उपडा केला. पुष्कळ वेळ चारी बाजूंनी पाहत होते.

"काय पाहून राहिले मामाजी?" अश्विनीने विचारलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात.

"बॅटरी आहे ना याच्यात?"

"हो."

"मंग पाणी कमी झालं असंन. ट्रॅक्टरच्या बॅटरीचंबी असंच होते. याले पाणी टाकाचं भोक कुठी आहे?"

मी भिंतीवरून पाहिलं. त्यांच्या बाजूला बॅटरीच्या पाण्याची बाटली उघडून तयार होती! अश्विनीने लॅपटॉप असा छातीशी धरला, जसं कोंबडीचं पिल्लू मांजरीपासून वाचवावं.

"मामाजी, याच्यात पाणी नाई टाकत!"

"काहून? बॅटरी ते बॅटरी!"

त्या दिवसापासून ती आंघोळीला जातानाही लॅपटॉप माझ्याकडे ठेवून जायची.

*

शनिवारी नीलेश आला आणि लॅपटॉप अकोल्याला घेऊन गेला. तिथल्या कारागिराने ढिली पिन नव्याने बसवून दिली. दुकानात लॅपटॉप शंभर टक्के चार्ज झाला. आमचा वरवंटा घरी आला, आमच्या ह्यांनी तो स्वतः धुतला!

लॅपटॉप अमरावतीला आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार्जिंग पुन्हा बंद. परत अकोल्याला पाठवला. तिथे गेल्याबरोबर सुरू! परत इकडे आणला. बंद!

कारागीर नीलेशला म्हणाला, "साहेब, याले काईच झालं नाई. तुमाले झालं असंन."

देवीदासजींनी निदान केलं, "त्याले अकोल्याचं पाणी मानवते."

मी अमरावतीचीच लेक. मला लागलं! म्हटलं, "काय मानवते जी? अकोला तं आपल्यापेक्षा जास्त तापते!"

*

मुलाखतीला दोन दिवस उरले. अश्विनीचं जेवणावरून मन उडालं. मी नीलेशला फोन लावला आणि सगळं नीट विचारून घेतलं. दुकान केवढं? मालक कोणत्या गावचा? चहा दिला का? बसायला खुर्ची होती का?

"काकू, त्याचा काय संबंध?"

"सांग तं खरं! आत उकडत होतं का?"

"नाई वो. एसी होता ना."

माझ्या डोक्यात दिवा लागला, वरवंट्याशिवाय! म्हणजे तिकडे एसी. आणि इकडे देवीदासजींनी लॅपटॉप कुठे ठेवलेला? वायर पायात नको म्हणून टिनाखालच्या खोलीत, धान्याच्या लोखंडी कोठीवर! मे महिन्यात त्या कोठीवर पापड भाजला असता.

कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "हो ना. तापला की बॅटरी चार्जिंग घेत नाई. लय तापला तं पुरा बंद पडते."

देवीदासजी कपाळावर हात मारून म्हणाले, "मोटारबी गरम झाली की ट्रिप होते, बंदच पडते! एवढी साधी गोष्ट, काहून नाई सांगतली कोणी?"

लॅपटॉप लगेच कूलरसमोर ठेवला. दहा मिनिटांत दिवा लागला. अश्विनीने मला मिठी मारली, भिंत मध्ये असूनही.

*

मुलाखतीचा दिवस. सकाळी अकरा. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा सावली सोडेना. मी वरवंटा घेऊन पिनेपाशी बसले. पिन नव्याने बसवलेली होती, पण भरवसा कोणी द्यावा?

अडचण ऐनवेळी कळली. आमच्या भागातला लोखंडी कूलर म्हणजे आवाजाला कापसाच्या जिनिंगची मशीनच. मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे ट्रक सुरू आहे का?"

कूलर बंद केला. मॅडमना अश्विनीचं बोलणं आवडलेलं दिसत होतं, प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. आणि इकडे लॅपटॉप तापायला लागला. हात लावला तर चटका! अश्विनीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात देवीदासजी उठले. खुंटीवरचा वाळ्याचा पंखा घेतला आणि टेबलाखाली शिरले. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात! खालून, फळ्यांच्या फटींतून लॅपटॉपला वारा घालायला लागले. एक हात दुखला की दुसरा. वीस मिनिटं!

शेवटी मॅडमनी विचारलं, "काम मध्येच अडू नये, म्हणून तुमच्या घरी बॅकअप काय आहे?"

अश्विनीने एकदा टेबलाखाली पाहिलं. खोटं तिला बोलता येत नाही. तिने हळूच लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा खाली वळवला.

मॅडमना टेबलाखाली घामाने निथळणारे देवीदासजी दिसले, हातात पंखा. बाजूला मी, हातात वरवंटा.

मॅडमनी आपल्याकडचा कॅमेरा बंद केला. आम्हाला वाटलं, गेलं सगळं! मग मॅडमचा आवाज आला, जरा वेगळाच.

"अश्विनी, जॉइन कधीपासून करता?"

अश्विनीला रडू फुटलं. टेबलाखालून देवीदासजी म्हणाले,

"तिचं तिले विचारा मॅडम. मी तं जॉइन झालो!"