लेनापींचा नारळ

मला अक्षरं पत्रकांनी शिकवली. बाबा चळवळीतले, त्यामुळे घरात पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे आले आणि मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवत मोठी झाले. म्हणून वाडीच्या सड्याचा प्रश्न आला तेव्हा मी गृहीत धरलं होतं की हा लढा माझा. पत्रक मी लिहिणार आणि वाडी माझं ऐकणार.

सडा म्हणजे वाडीच्या माथ्यावरचा कातळ. गुहागरला जाताना वळणावरून दिसतो. पावसाळ्यात त्यावर गवत माजतं, ते आम्ही गुरांना आणि आंब्याच्या पेट्यांना वापरतो. जमीन सगळ्यांची सामाईक. शेजारच्या वाडीची गुरंही तिथेच चरतात. त्याबद्दल ती माणसं दर शिमग्याला नारळ आणून देवासमोर ठेवतात, आमचे गावकर, म्हणजे वाडीचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतात, नारळ फुटतो, दोन्ही वाड्या खोबरं खातात आणि चराई पुढच्या शिमग्यापर्यंत चालू राहते. कागद कधी झाला नाही. कुणाला लागलाही नाही.

यंदा मुंबईच्या एका बिल्डरला बंगल्यांसाठी सडा हवा होता. त्याचा माणूस हुशार. त्यानं आधी रीत विचारून घेतली, मग देवळात नारळ आणून ठेवला, गावकरांना शाल दिली आणि खरेदीखताचं म्हणाला की ते काय, ऑफिसला दाखवण्यापुरतं. शिमग्याला नारळ फुटायचा आणि मागून सह्या.

मी पेटून पत्रक लिहिलं. ‘भांडवलाचा विळखा ओळखा’ असा मथळा दिला आणि घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला सुकट दिली, ती माझ्याच पत्रकात बांधून. गावकरांनी मात्र वाचलं होतं.

“चांगलं लिवलंस,” ते म्हणाले. “पण नारळ ठेवलान म्हणजे वर्षाचीच गोष्ट ना? पुढल्या शिमग्याला परत येल.”

मी खरेदीखताचा अर्थ समजावला. ते मान डोलवत राहिले. मला कळत होतं की कागद त्यांच्या लेखी सरकारचा आणि नारळ देवाचा. खरा कुठला, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

त्याच आठवड्यात माझी मावसबहीण अमेरिकेहून आली. वयानं थोडीच मोठी, तरी मी तिला ताई म्हणते. म्हणावं लागतं. ती न्यू जर्सीत कॉम्प्युटरचं काम करते. तिचे पैसे, तिची बॅग, यांचं मला काही नाही. मला तिची भाषा खुपली. इतकी वर्षं तिकडे राहून ती ओटीवर बसली की वाडीतल्या बायकांसारखीच बोलते, आणि मी इथे राहून पत्रकासारखं बोलते. बाबांनी तिच्यासाठी स्वतः चहा टाकला. माझ्यासाठी त्यांनी चहा केल्याचं मला आठवत नाही. वर तिला विचारलं, “सड्याचं तुला काय वाटतं?” मला त्यांनी हे विचारलं नव्हतं. माझं पत्रक तेवढं तपासून दिलं होतं.

शिमग्याच्या अलीकडे एका दुपारी देवळात बैठक बसली. बिल्डरचा माणूसही आला होता. आधी मी बोलले. बायका पंख्याकडे बघत होत्या. माझं संपलं तशी काकू ताईला म्हणाल्या, “तू सांग गो काय तरी तिकडचं.”

ताई उठलीसुद्धा नाही. मांडी घालून बसल्या जागी बोलायला लागली. तिच्या घरापासून जवळ डेलावेअर नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांवर पूर्वी लेनापी लोक राहायचे. मका बायका लावायच्या, कूळ आईकडून चालायचं. उन्हाळ्यात खाडीवर मासे आणि कालवं, थंडीत आत रानात शिकार. मग समुद्रातून डच आले, स्वीडिश आले, पाठोपाठ इंग्रज. त्यांनी कापड, कुऱ्हाडी, तांब्याची भांडी दिली आणि कागद पुढे केला. लेनापींनी त्यावर खुणा केल्या. त्यांच्या समजुतीनं त्यांनी पाहुण्यांना आपल्यात राहू दिलं होतं, जमीन वापरू दिली होती. वापरणाऱ्यानं अधूनमधून भेट घेऊन यायचं आणि नातं राखायचं. गोऱ्यांच्या समजुतीनं जमीन विकत घेऊन झाली होती. लेनापी पुन्हा त्याच काठावर मासे धरायला आले आणि भेटीची आठवण करून दिली, तर गोरे म्हणाले, ही माणसं लबाड आहेत, एकच जमीन पुन्हा पुन्हा विकतात.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तिच्याहून जास्त. म्हणून मध्येच म्हणाले की पुढे तर एका जुन्या कराराच्या नावानं दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन द्यायचं ठरलं आणि गोऱ्यांनी वाट आधीच साफ करून पळणारे गडी आणले. देवळात हशा पिकला. काकूंनी ताईकडे वळून विचारलं, “होय का गो?” ती हो म्हणाली, तेव्हा कुठे ते खरं ठरलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईनं मग शेवट गोड केला. म्हणाली, आता तिकडे कार्यक्रमांत आधी सांगतात की ही भूमी लेनापींची. मी विचारलं, “सांगतात, पण परत देतात का?”

“नाही.”

“मग तू राहतेस ते घर कुणाच्या जमिनीवर आहे, ताई?”

मला तिला सगळ्यांदेखत पाडायचं होतं.

“त्यांच्याच,” ती म्हणाली. “आमचा हप्ता बँकेला जातो. लेनापी आता लांब ओक्लाहोमात आहेत, कॅनडात आहेत. त्यांना नारळ कोण देणार?”

काकूंनी विचारलं, “म्हणजे दुसऱ्या वर्षी नारळ घेऊन कोण आलाच नाय?”

“नाही आला, काकू.”

गावकरांनी देवासमोरच्या नारळाकडे बघितलं. बिल्डरचा माणूस खांबाला टेकून बसला होता. गावकरांनी त्याला अगदी शांतपणे विचारलं, “तुम्ही पुढल्या शिमग्याला येणार ना?” तो हसून म्हणाला, येऊ की, प्रसादाला येऊ. सड्यासाठी येणार का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सड्याचं आता एकदाच काय ते.

गावकर उठले. नारळ उचलून त्यांनी त्या माणसाच्या हातात दिला. शालही दिली. आमच्याकडे ठेवलेला नारळ न फोडता परत देणं म्हणजे काय, हे समजायला पत्रक लागत नाही.

सडा राहिला. मी आनंदात असायला हवं होतं, आणि होतेही. पण पायऱ्या उतरताना बायका ताईचा हात धरून चालल्या होत्या. मी जे कुत्सितपणे विचारलं, त्यानंच तिचं बोलणं खरं केलं होतं, आणि ते मला सोडून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गावकर मागे थांबले होते. बिल्डरचा माणूस आता पुढच्या वाड्यांच्या जमिनीसाठी नारळ ठेवणार, तेव्हा त्यांच्यासाठी पत्रक हवं, असं ते म्हणाले. मी मान वर केली.

“तूच लिही,” ते म्हणाले. “फक्त ती बोलली तसं लिही.”

मी लिहिलं. विळखा काढला, भांडवल काढलं. ‘एका नदीकाठी लेनापी नावाची माणसं राहायची’ इथून सुरुवात केली. बाबांनी उभ्या उभ्या वाचलं. यावेळी पेन हातात घेतलं नाही.

“छान उतरलंय,” ते म्हणाले. “ताईनं सांगितलं?”

मी हो म्हणाले आणि गठ्ठा बांधायला सुतळी शोधू लागले.