दाजींचा खालचा ओठ

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून द्यायचे. मी त्यांच्याच दुकानात कापड बेततो आणि पडेल ते काम करतो. बहिणीच्या नवऱ्याच्या हाताखाली काम करायचं म्हणजे थट्टा पगारातच धरलेली असते. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा ते मला शालकबुवा म्हणायचे. मीही काही मूग गिळून बसणारा नव्हे, त्यामुळे दुकानात कधी शांतता नसायची.

पण खुर्ची मढवण्यात दाजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. खरं तर हाताइतकंच ते काम त्यांच्या तोंडाचं होतं. चिमूटभर बारीक खिळे ते शेंगदाण्यांसारखे तोंडात टाकायचे. आत जीभ एकेक खिळा फिरवायची आणि डोकं बाहेर, टोक आत असा तो खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर आणून ठेवायची. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक. हातोडी ओठापाशी यायची, खिळा उचलायची आणि लाकडात मारायची, पुन्हा ओठापाशी. एक हात कापड ताणून धरायला मोकळा राहायचा. हवेवर चालणारं पिना मारायचं यंत्र आम्ही केव्हाच घेतलं होतं, पण जुन्या कोरीव खुर्चीला पिना मारणं दाजींच्या जिवावर यायचं. पिनांनी लाकूड चिरतं म्हणायचे. तोंडात खिळे असताना ते गिऱ्हाइकाशी बोलायचेही. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं आणि दाजींना त्याची फार मजा वाटायची.

वर्षानुवर्षं खिळे टोचून त्यांच्या ओठाचा तो कोपरा घट्ट झाला होता. "हा ओठ नाही, रेक्झिन आहे," असं ते स्वतःच सांगायचे.

सुतळीची गाठ आवळायला मात्र ते डाव्या बाजूच्या दाढा वापरत. ताईने हजारदा सांगून पाहिलं. शेवटी त्यातली एक दाढ दुभंगली, मग सुजली, मग काढावी लागली. काही दिवस ते उजवीकडून चावत राहिले. मग सुतळी धरायला दात नाही म्हणून चिडचिड सुरू झाली. ताई म्हणाली, "अहो, ते स्क्रूवाले दात बसवतात ना आता, ते बघून तरी या." दाजींना स्क्रू हा शब्द आवडला. आपल्याच धंद्यातलं काहीतरी आहे असं त्यांना वाटलं असावं.

दवाखान्यात मीही गेलो होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी जबड्याचा फोटो पडद्यावर लावला आणि सगळं नीट समजावलं. हिरडी थोडी उघडायची, हाडाला बारीक भोक पाडायचं, त्यात धातूचा स्क्रू बसवायचा, टाके घालायचे. पुढचे काही महिने हाड त्या स्क्रूला धरत जातं. मग वर दाताची टोपी. सूज येईल, थोडं रक्त येईल, मऊ जेवायचं, बर्फ लावायचा, जोरात चूळ भरायची नाही, विडी-सिगारेट नाही. दाजी मान डोलावत होते. कुशन कसं भरायचं हे कुणी त्यांना सांगतंय, असा चेहरा होता.

मग बाईंनी पडद्यावरच्या एका फिकट रेषेवर बोट ठेवलं.

"काका, ही नस बघा. खालच्या ओठाला आणि हनुवटीला हिच्यामुळे कळतं. तुमचं हाड इथे कमी उंचीचं आहे, म्हणजे स्क्रू आणि नस यांच्यात जागा थोडी. मी आखूड स्क्रू वापरणार आहे. तरी एक लक्षात ठेवा. भूल उतरायला काही तास लागतील. पण उद्या सकाळी ओठ जागा झालेला नसेल, तर मला लगेच फोन करायचा. दुखत असो वा नसो. लवकर कळलं तर स्क्रू काढून नस वाचवता येते. उशीर झाला तर काही सांगता येत नाही."

"बरं," दाजी म्हणाले.

"काम काय करता तुम्ही?"

"खुर्च्या करतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. खिळ्यांचं दाजी बोलले नाहीत, कारण ताईसारखीच हीसुद्धा रागावेल अशी त्यांना भीती. मी बोललो नाही, कारण मला ते सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष त्या फिकट रेषेकडे होतं. मला ती अजिबात आवडली नव्हती.

मग मला बाहेर बसवलं. आतून यंत्राचा घरघर आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा दाजी कापूस दाताखाली धरून हसत होते, आणि हसू एकाच बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी थांबायचं सोडून ते दुकानात हजर. गाल फुगलेला, पण स्वारी खुशीत. "शालकबुवा, एवढी सुतारकी केली तोंडात, पण दुखण्याचं नाव नाही. बाईच्या हाताला गुण आहे." ताईनेही कौतुकाने डबाभर मऊ खिचडी दिली होती.

दवाखान्यातून फोन आला तो माझ्यासमोरच. तिथली मदतनीस विचारत होती. दुखतंय का? नाही. रक्त? नाही. आणि ओठ? दाजींनी अंगठ्याने ओठाचा डावा कोपरा दाबून पाहिला. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली.

"ओठ माझा पहिल्यापासूनच असा आहे," ते फोनवर म्हणाले. "घट्ट. ठीक आहे सगळं."

पलीकडे तिने काय समजायचं ते समजून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या कुणाचा ओठ इतका सुन्न असता तर तो घाबरून दवाखान्यात पळाला असता. दाजींना आपला ओठ मेल्यासारखा असणं इतक्या सवयीचं होतं, की तो खरोखर मेला तेव्हा त्यांना फरकच कळला नाही.

मग एकेक दिसायला लागलं. चहा पिताना डाव्या कोपऱ्यातून थेंब हनुवटीवर यायचा आणि ते तसेच बोलत राहायचे. मी त्यांना लाळेरं शिवून देऊ का म्हणून चिडवलं. ते दात काढून हसले. दाढी करताना हनुवटी कापली, तर रक्त शर्टावर पडेपर्यंत पत्ता नाही. एकदा जेवताना ताईच्या हातातला घास तसाच राहिला. दाजींनी पोळीच्या तुकड्याबरोबर स्वतःचा ओठ चावला होता आणि ते शांतपणे चावतच होते. त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा बाईंनी कापसाची वात करून त्यांना डोळे मिटायला सांगितलं. उजव्या ओठाला वात लागली की ते "हो" म्हणत. डावीकडे बाईंनी वात फिरवली, मग चिमट्याचं टोक टेकवलं. दाजी डोळे मिटून आज्ञाधारकपणे वाट बघत होते. "लावा ना," ते म्हणाले.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. "त्या दिवशी फोनवर ठीक आहे म्हणालात ना काका?"

"ठीकच होतं."

"आता स्क्रू काढला तरी फायदा होईलच असं नाही. औषध देते, मोठ्या डॉक्टरांनाही दाखवू. काही महिन्यांत परत येतं कधीकधी. कधीकधी नाही येत."

दाजींनी एवढंच विचारलं, "खिळे धरता येतील ना?"

"कसले खिळे?"

तेव्हा कुठे बाईंना खिळे कळले. त्या खुर्चीवर मागे टेकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मला आधी त्यांचा राग आला होता, इतकं महत्त्वाचं त्यांनी खोदून विचारायला नको होतं का म्हणून. त्यांचा चेहरा पाहून तो राग गेला आणि दाजींवर वळला. मग तोही टिकला नाही.

"काका, एकही खिळा तोंडात घालायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तो कळणार नाही."

महिने गेले. गंमत अशी, की हाडाने स्क्रू पक्का धरला. वर टोपी बसली आणि तोंडातल्या सगळ्या दातांत तोच दिमाखात दिसायला लागला. बाईंनी काम उत्तम केलं होतं. ओठ मात्र परत आला नाही.

दाजी खिळे वाटीत ठेवून काम करायला शिकत होते. वाटीत हात घालायचा तर कापडाचा ताण सुटायचा. ताण सुटला की पट्टा वाकडा. उखडायचं, पुन्हा ताणायचं. तीस वर्षांच्या हाताला शिकाऊ मुलासारखं चुकताना मी बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. दुकानात आता शांतता असायची. वाट बघण्यासारखी ती शांतता होती, आणि कशाची वाट ते मला माहीत होतं. मी रोज सकाळी आल्या आल्या त्यांच्या तोंडाकडे बघायचो.

एका दुपारी उंच पाठीची एक जुनी खुर्ची पुढ्यात होती. मी पलीकडून बैठकीचं कापड ठोकत होतो. दाजी पाठीशी झटत होते आणि पट्टा तिसऱ्यांदा घसरला. त्यानंतर एकदम हातोडीचा जुना ठेका ऐकू आला. ठक, ठक, थोडं थांबून ठक. किती महिन्यांनी ऐकत होतो. खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. मग मी वर पाहिलं. उजव्या कोपऱ्यातून खिळे देत ते सरसर पुढे चालले होते, डोळ्यांत ती जुनी चमक. आणि डावीकडे, ओठाच्या कडेला, एक खिळा आडवा लोंबत होता. त्यांना त्याची दादच नव्हती.

मी हात वर करून खूण केली. दाजींना वाटलं मी शाबासकी देतोय. ते हसले, हसता हसता त्यांनी श्वास आत घेतला आणि त्यांना ठसका लागला.

ठसका फार मोठा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते खोकले, तोंडातले खिळे हातावर काढले. मग म्हणाले, "काही नाही, गेला ठसका." पण मी त्यांच्या ओठाकडे बघत होतो. लोंबणारा खिळा तिथे नव्हता. हातावरच्या खिळ्यांपैकी तो एक असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दाजींना मात्र खात्री वाटत नव्हती. त्यांनी हातोडीचं लोहचुंबक फरशीवरून फिरवलं, खुर्चीच्या खाली, काथ्याच्या ढिगातून. एकही खिळा लागला नाही.

डबा घेऊन ताई तेवढ्यात आली. आमची तोंडं बघून तिने डबा खाली ठेवला. दाजींनी तिला जवळ बोलावलं आणि आपला डावा ओठ तिच्यापुढे केला.

"इथे आत आहे का बघ. मला कळत नाहीये."

ताईने बोट घालून हिरडी आणि ओठाच्या मधली जागा हळूहळू चाचपली, कोपऱ्यापर्यंत. तिने मान हलवली. मग आम्हा तिघांनाही ऐकू आलं. दाजींनी श्वास घेतला की छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

ताई फोनवर गाडी बोलवत होती. दाजी मात्र ताठ बसून, अगदी थोडा थोडा श्वास घेत, माझ्याकडेच टक लावून बघत होते. काय बघताहेत ते मला कळेना. मी जवळ गेलो. त्यांनी हात लांब करून माझ्या हनुवटीखाली तळवा धरला, लहान मुलाने खडा तोंडात घातल्यावर धरतात तसा.

"थुंक," ते म्हणाले.

माझ्या तोंडात खिळे होते. मघापासून होते, दाजींनीच लावलेल्या सवयीने. मी ते त्यांच्या तळव्यावर काढले, ओले आणि कोमट. त्यांनी मूठ मिटली आणि गाडी येईपर्यंत उघडली नाही.