सरकवलेली पेटी

मी बारीक झाल्याचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं अजून फिरतं. आमची भीमगीतांची पार्टी आहे. मुख्य गायिका मी, आणि पार्टी चालवतो माझा थोरला मावसभाऊ, दादा. गेल्या वर्षी उस्मानपुऱ्यात आमच्या घरी चहा पिता पिता त्यानं मोबाईल पुढं केला.

"तुझ्या आवाजाला तोड नाय, बाई. पण व्हिडिओत लई जाड दिसती तू."

माझा नवरा हसला. ते हसू मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

मी इरेला पेटले. भाकरी सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, ताकावर दिवस काढले. पाच महिन्यांत ब्लाउज दोनदा आत घेतले. पण गाताना ओळ संपायच्या आत दम संपायला लागला. पोटातून सहज उठणारा आवाज आता गळ्यानं ओढावा लागायचा. दादा म्हणायचा, होईल सवय. आणि खरंच, गंगापूरच्या कार्यक्रमात शेवटची उंच ओळ अलगद लागली. सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, मीही चढले.

घरी येऊन जुना व्हिडिओ लावला आणि त्याच्याबरोबर गायला लागले. जुळेचना. जुनी मी वरच्या सुरात, नवी मी खाली.

आमच्या पेटीच्या पट्ट्या एका बाजूला सरकवता येतात. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र खाली उतरतो. मी आयुष्यभर पेटीवाल्या काकांची बोटं बघूनच सुरुवात करत आले. दुसऱ्या दिवशी तालमीला त्यांना गाठलं.

"काका, पेटी सरकवली का?"

"व्हय. दोन घरं. तुला सांगू नका म्हणला दादा."

ढोलकीवाल्याला ठाऊक होतं. कोरसच्या पोरींनाही ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून माझी आंधळी कोशिंबीर चालवली होती, आणि वर माझ्याच टाळ्या वाजवत होते.

सोयगावला भर दुपारी विहारासमोर कार्यक्रम होता. मी बसायच्या आधी स्वतःच्या हातानं पेटी मूळ जागी आणली. काका "नको गं" म्हणाले. मी ऐकलं नाही. उंच ओळीवर आवाज फाटला आणि पुढं निघेचना. समोरच्या बायकांनी ती ओळ उचलून माझ्यासाठी पुरी केली. मला त्यांचाही राग आला.

परतताना जीपमध्ये दादानं फोन पुढं केला. "बघ, काय झ्याक दिसती."

व्हिडिओचा आवाज त्यानं बंद केलेला होता.

मी फोन हिसकावला, आवाज होता तेवढा वाढवला आणि तो फाटलेला सूर पुन्हा पुन्हा लावत राहिले. उस्मानपुरा येईपर्यंत मी फोन त्याच्या हाती दिला नाही.