संस्कृतीचा गुडघा

माझा धाकटा भाऊ गोकुळ हर्सूलला राहतो, वाळूजला कंपनीत जातो आणि आनंद झाला की मागचापुढचा विचार न करता पेढे आणतो. त्याची दहा वर्षांची लेक संस्कृती, माझी लाडकी भाची. हिला नाचाचं इतकं वेड की भांड्याला चमचा लागला तरी हिचे पाय हलायचे. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखायला लागला आणि थांबेचना.

एक्स-रे झाला, रक्त तपासलं, एमआरआय झाला. सगळं नॉर्मल! गोकुळनं गल्लीभर पेढे वाटले. "आमच्या पोरीला काहीच नाय झालं!" असं दारोदार सांगत सुटला. इकडे पोरगी पलंगाखाली जाऊन बसली. मी वाकून विचारलं, तर म्हणते, "आत्या, काहीच नाय झालं, मग दुखतंय ते काय? मी खोटारडी हाये का गं?" मी तिला बाहेर ओढून जवळ घेतलं. हातात पेढा होता, तो मात्र मी खाल्ला. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून पोरगी नको तितकी शहाणी झाली. दुखतंय हे लोकांना पटवायचं, तर हसताना-खेळताना कुणाला दिसायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं. शाळेच्या गॅदरिंगला खुर्चीत बसून राहिली. शिवाय आमच्या चुलती द्वारकाबाई पहाऱ्यावर होत्याच. पोरगी जराशी पळाली की लगेच, "बघा, आता कुठं गेलं दुखणं?"

अशात माझ्या लेकीचं, श्रेयाचं लग्न ठरलं. त्याआधी मी गोकुळच्या मागे लागून लहान मुलांच्या उमा डॉक्टरांकडे पोरीला न्यायला लावलं, स्वतःही गेले. बाई आमच्याशी कमी आणि संस्कृतीशीच बराच वेळ बोलल्या. गोकुळला राहवलं नाही. "मॅडम, नाटक तर नाय ना करत ही?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "तपासणीत काही सापडलं नाही, तरी दुखणं खरं असतं. आणि दुखतंय म्हणून बसून राहायचं नाही. जमेल तसं हळूहळू हालायचं. नाचावंसं वाटलं तर नाच गं."

गोकुळचं तोंड एवढंसं झालं. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

हळदीच्या संध्याकाळी दारात डीजे लागला. नवरी पिवळी, मी पिवळी, डीजेवाल्याची दाढीसुद्धा पिवळी. संस्कृती मात्र खुर्चीला चिकटलेली, खाली पायाची बोटं ठेका धरून. गोकुळ तिच्याजवळ वाकला. "चल की!"

"नको पप्पा. नाचले तर द्वारका आजी म्हणतील, सगळं नाटक होतं. मग माझं कुणीच खरं मानणार नाय."

"मी मानतो," गोकुळ म्हणाला आणि थेट मांडवात उतरला. आता माझ्या भावाला नाच येत नाही. तो नाचायला लागला की तापल्या फरशीवर अनवाणी उभा केल्यासारखा दिसतो. पोरं खिदळली, व्याही खिदळले, संस्कृतीला हसू आवरेना आणि हसता हसता ती उठलीच. आधी लंगडत दोन पावलं, मग एक गिरकी, आणि मग अशी सुटली की हळदीचं ताट घेऊन मी भिंतीला टेकले.

"बघा!" द्वारकाबाईंचा आवाज डीजेच्याही वर चढला. "कुठं गेलं दुखणं?"

पोरगी जागच्या जागी थिजली. गोकुळनं हात वर करून डीजे बंद करायला लावला.

"कुठं नाय गेलं, काकू," तो धापा टाकत म्हणाला. "दुखतंय तिला. लई दुखतंय. तरी नाचतीय माझी पोरगी."

संस्कृती त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरले होते, माझेही. मग गुडघा चोळत ती म्हणाली, "पप्पा, झालं ना सांगून? मग गाणं लावायला सांगा की!"