पहिल्या धारेवर चालणारं इंजिन

लटारू दारू पेते हे साऱ्या बल्लारशाले माहीत होतं, अन् त्यानं सोडली हे कोणीच मानत नव्हतं. मी मानत होती. माझ्या अन् त्याच्या घरामधी एकच भिंत, तेही कुडाची. मले नाई कळणार तं कोणाले कळणार?

रेल्वेत तो इंजिनावर फायरमन होता. एक दिवस पिऊन चढला, खाली पडला, अन् साहेबानं त्याले कायमचा घरी बसवला. त्या दिवशी त्यानं बायकोच्या, भागीरथाच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, का परत तोंडाले लावली तं तू मेली. असली शपथ मले पटत नाई. पेणार यानं अन् मरणार तिनं, हा कुठला न्याय झाला? पण भागीरथा त्या शपथेवरच जगत होती.

मंग खाणीचा गोरा साहेब विलायतेले गेला अन् त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोकायनं पलंग घेतले, काचेची भांडी घेतली. हा शहाणा हातभर लांब मोडकं इंजिन घेऊन आला. खेळण्याचंच, पण खऱ्या वाफेवर चालणारं. बॉयलर, त्याच्याखाली दिवा, दिव्यात स्पिरिट. बॉयलर फाटलेला, दोन चाकं गायब, अन् दिव्याचा तं पत्ताच नाई.

"दसऱ्याले शेडमधी इंजिनाची पूजा होते ना, कमळाबाई," लटारू मले म्हणे, "तिथी हे चालवून दाखवतो. माझा हात आता थरथरत नाई, हे त्यायले दिसलं पायजे."

पावसाळाभर त्यानं दुसरं काही पाह्यलं नाई. जंग चढलेले भाग घासलेटात भिजवले, घासले. पाणी भराची तांब्याची फुटकी गुंडी कापून बॉयलरले ठिगळ मारलं. पितळेची चाकं ओतून आणली. विलायती हिरवा रंग खरवडून काळा दिला, धुराडं उंच केलं, समोर कंदील बसवला, मागं कोळशाची पेटी सागवानाची केली. त्याचं जुनं इंजिनच अंगणात उभं राह्यलं. दिवा मात्र त्यानं पत्र्याचा केला अन् सांध्याले रांगेचा, म्हणजे कथलाचा, डाग दिला, कल्हईवाले देतात तसा.

"रांग वितळते ना गरमीनं," मी म्हटलं.

"स्पिरिटची आच हलकी असते, बाई. काही होत नाई."

दवाखान्यातला कंपाउंडर आधी थोडं थोडं स्पिरिट देत होता, मंग त्यानंही हात वर केले. घासलेटानं काजळी धरते. तवा लटारूनं पोचूले गाठलं. पोचू राजुऱ्याकडच्या जंगलातून बांबूच्या टोपल्या विकाले येत होता. त्यानं मोहाची पहिल्या धारेची दारू आणून दिली, दोन बाटल्या. काडी लावली तं निळी पेटे. देवाले वाहिल्याबिगर त्याच्या घरी कोणी घोट घेत नाई. आधी दोन थेंब त्यानं जमिनीवर सांडले.

"नुसती जाळाले?" त्यानं इचारलं. हसला नाई तो. मलेही हसू आलं नाई.

भागीरथानं फळीवर त्या बाटल्या पाह्यल्या अन् तिचं जेवणच सुटलं. "बाई, यानं घरात साप ठेवला," मले म्हणे.

दारुड्याच्या बायकोले नाकच कामी येते. वर्षानुवर्षं ती त्याचं तोंड हुंगूनच त्याले घरात घेत होती. आता इंजिन चाललं का साऱ्या घराले मोहाचा वास. त्याच्या बोटाले, सदऱ्याले, कुडाच्या भिंतीतून माझ्या भातालेही. बाटली रोज उतरत होती. जळून उतरते का पोटात जाते, कोण सांगन? वरून लटारू खुशीत गाणी म्हणत होता, अन् ते ऐकून तिचा जीव अजूनच खाली जाये, काऊन का पिऊनही तो असाच गात होता.

"सरळ इचार ना त्याले," मी म्हटलं.

"इचारलं तं नाई म्हणन. तवाही नाईच म्हणे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लटारू नदीवर गेला अन् इकडं भागीरथानं कंदिलातलं घासलेट उघड्या बाटलीत ओतलं. चोरून तोंडाले लावली तं थुंकून टाकन, एवढंच तिच्या मनात. मले हे मागून कळलं. तवाच कळलं असतं तं मी बाटली हिसकून घेतली असती.

बाटली काळपट हिरवी, आतला रंग काही कळत नाई. अन् घासलेटाचा वास त्याले येणार कसा? पावसाळाभर त्याचे हात घासलेटातच होते. नदीवरून येऊन उद्याची तालीम म्हणून त्यानं बॉयलरमधी उकळतं पाणी भरलं, बाटली दिव्यात रिकामी केली, काडी लावली. वातीत मुरलेली मोहाची आधी जळली, निळीच. अंगणात लोखंडी पट्टीचे रूळ गोल मांडले होते, त्यावर इंजिन निघालं. छान निघालं, खोटं काऊन सांगू. मी चुलीवरचं सोडून दारात उभी होती. शिटी वाजली अन् खालचा जाळ एकदम पिवळा झाला, बॉयलरभर चढला. रांग वितळली. दिवा उकलला अन् पेटलेलं तेल खाली सांडाले लागलं. दुसरा कोणी असता तं मागं सरला असता. यानं दोन्ही हातांनी इंजिन उचललं, अन् पाण्याच्या टाक्यात बुडवूनच सोडलं.

दवाखान्यात मलम लावून पट्ट्या बांधल्या. बोटं वळतीन का नाई हे डॉक्टरले सांगता येईना.

घरी आल्यावर भागीरथानं मले घासलेटाचं सांगितलं. मले इतका राग आला का तिच्या थोबाडीत मारावं. "अवं, त्यानं एक घोट जरी घेतला असता ना," मी म्हटलं, "तं त्याले कळलं असतं." म्हटलं अन् माझ्याच ध्यानात आलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. तिलेही तवाच उमगलं. इतके दिवस बाटली घरात होती, अन् त्यानं एकदाही तोंड लावलं नव्हतं.

संध्याकाळी हाताची आग इतकी वाढली का तो कुडावर डोकं आपटाले लागला. शेजारची म्हातारी सोनीबाई म्हणे, "दोन घोट पाजा त्याले, जीव थंडा होईन." पोचूची दुसरी बाटली फळीवर तशीच होती. लटारूनं दात आवळले.

"नको. तू मरशीन."

"मेली तं मेली," भागीरथा म्हणे, अन् तिनं बूच काढलं. "पेऊन घ्या."

तो रडत रडत पेला. सकाळी शेडमधून पूजेचे ढोल ऐकू आले. इथी कोणी उठलं नाई.

पट्ट्या सुटल्या, बोटं वाकडीच राह्यली. दुखणं तं कवाचंच गेलं. पण दिवे लागले का तो तिच्याकडं पाहते. मंग फळीवरच्या बाटलीकडं. घासलेटाचं तिनं त्याले सांगितलं का नाई, मी इचारलं नाई. त्याच्या हातात पेला राहत नाई, म्हणून तीच भरते अन् तीच पाजते.